आजोबांच्या धोतरांची गोधडी

सासरे गेले त्याला अठरा दिवस झाले होते. आमचा नऊ वर्षांचा लेक शाळेत जायचा, चार घास जेवायचा, पण बोलायचा नाही. मी त्याला नवी वही आणि रंग आणून दिले. "काढ काहीतरी, बरं वाटेल," म्हटलं. वही कोरीच राहिली.

मग एका दुपारी सासूबाईंनी सासऱ्यांची मऊसूत झालेली धोतरं आणि स्वतःची दोन जुनी लुगडी काढली, जमिनीवर अंथरली आणि गोधडी शिवायला बसल्या. "सुई ओवून दे रे, मला दिसत नाही." लेक दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून सुई ओवू लागला. दुसऱ्या दिवशी कडेचे टाके त्यानेच घातले, वाकडेतिकडे. आजीने ते उसवले नाहीत. टाका घालता घालताच, मान वर न करता त्याने विचारलं, "आजोबांना शेवटी खूप दुखलं का गं?" मी समोर बसवून खोदून विचारलं असतं, तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

संध्याकाळी दिवा लावून आजी हरिपाठ म्हणायच्या. त्याला कधी बस म्हणाल्या नाहीत. आठवड्याभरात तोच टाळ घेऊन शेजारी बसला.

एकदा सासूबाई उठल्या आणि त्यांच्याबरोबर गोधडीही उठली! टाक्यांत पदरच शिवला गेला होता. लेक पोट धरून हसला. माझी नजर आधी दाराकडे गेली. सुतक नुकतं फिटलेलं, कोणी ऐकलं तर? पण सासूबाईच म्हणाल्या, "बघ, आजोबांनी धरून ठेवलं मला." हसता हसता दोघंही रडले. मीही रडले.

मला तेव्हा बहिणाबाई चौधरी आठवल्या. तिशीतच वैधव्य आलेलं, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, घरकाम करताना गाणी सुचत गेली आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. देव, दुःख आणि थट्टा त्यांच्या गाण्यांत एकाच घरात नांदतात. मन रमवायला गा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पालकहो, चूक माझी झाली होती. मी लेकाला रंग दिले, पण त्याच्याजवळ बसले नाही. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल तर समुपदेशकाकडे जरूर न्या, त्याला गोधडी हा पर्याय नाही. पण रोजच्या दुःखाला आधी घरातलं माणूस लागतं. मुलाच्या हाताला काम द्याल तेव्हा तेच काम स्वतःच्याही हातात घ्या. त्याने चित्र काढलं, तर लगेच क्लास शोधू नका. आणि दुःखाच्या घरात ते हसलं, तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका.