पडद्यावरचा आकडा आणि अपुऱ्या दिवसांचा मेंदू

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बालकास अकालजात म्हणतात आणि २०२० या एका वर्षात भारतात अशी सुमारे ३० लाख बालके जन्माला आली. मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचा मोठा धोका त्यांपैकी ३२ आठवड्यांच्या आत, आणि विशेषतः २८ आठवड्यांच्या आत, जन्मलेल्यांना असतो. या बालकांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी घडवणारा एक मऊ थर असतो, त्यास जननस्तर म्हणतात. त्यातील रक्तवाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात आणि ३४व्या आठवड्याच्या सुमारास हा थर आपोआप विरून जातो. प्रौढ माणसाचा रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदू आपल्या वाहिन्या आवळून वा सैल करून रक्ताचा प्रवाह स्थिर राखतो, परंतु अपुऱ्या दिवसांच्या आजारी बाळात हे स्वयंनियमन कच्चे असल्यामुळे दाब उतरला की मेंदूचा प्रवाह आटतो आणि दाब उसळला की त्या पातळ भिंती फुटतात. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतच होतात.

या विषयातला पहिला धडा १९७८ साली मिळाला. अमेरिकेत पपाइल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोहून कमी वजनाच्या ४६ बालकांच्या मेंदूचे सीटी स्कॅन केले, तेव्हा २० जणांत रक्तस्राव आढळला. आणि रक्तस्राव होऊनही जगलेल्या ९ बालकांपैकी ७ जणांत बाहेरून त्याचे कोणतेही लक्षण दिसले नव्हते. बाळ शांत आहे, हातपाय हलवते आहे, म्हणून मेंदू सुखरूप आहे असे मानणे किती चुकीचे ठरू शकते, हे तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणूनच न भरलेल्या टाळूवर यंत्र टेकवून केली जाणारी मेंदूची सोनोग्राफी आज नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एनआयसीयूत, नेहमीची तपासणी झाली आहे, आणि तिच्याच डॉप्लर पद्धतीने वाहिनीतल्या रक्ताचा वेगही मोजता येतो.

सोनोग्राफी मात्र त्या क्षणापुरतेच सांगते. सतत पहारा ठेवणारे साधन ज्या शोधातून आले, तो १९७७ साली योब्सिस या शास्त्रज्ञाने मांडला : अवरक्ताच्या लगतचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत शिरतो आणि प्राणवायू घेतलेले व सोडलेले रक्त तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. आज बाळाच्या कपाळावर एक चपटी पट्टी बसवतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूच्या ऊतीतील रक्तात किती टक्के प्राणवायू उरला आहे, तो आकडा पडद्यावर येतो. हा आकडा प्रत्यक्ष रक्तप्रवाहाचा नसतो, प्रवाह, रक्तातील हिमोग्लोबिन आणि मेंदूची गरज अशा अनेक गोष्टींचा मिळून तो बनतो, हे नीट ध्यानात ठेवावे लागते. शिवाय २५ आठवड्यांच्या बाळाची त्वचा इतकी विरविरीत असते की पट्टीखाली ती सोलवटू शकते. म्हणून जागा वरचेवर तपासावी लागते.

या साधनावर मोठ्या आशा होत्या. युरोपातील आठ देशांत १६६ बालकांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आकडा पाहून उपचार केलेल्या बालकांच्या मेंदूला प्राणवायूची कमतरता खूपच कमी सोसावी लागली. पुढे १७ देशांत १,६०१ बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, तेव्हा मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा यांचे प्रमाण पहारा ठेवलेल्या गटात ३५.२ टक्के आणि नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ३४ टक्के भरले, म्हणजे फरक पडलाच नाही. हे साधन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. परंतु ते नसल्यामुळे बाळाचे नुकसान झाले असे मानून कुढत बसण्याचे किंवा त्यासाठी कर्ज काढून बाळाला हलवण्याचे कारण पालकांना नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

ज्याने फरक पडतो ते पुष्कळसे हातांच्या कामात आहे. नाळेतील नळीतून रक्ताचा नमुना झटकन ओढला तर तेवढ्यानेही मेंदूतला प्रवाह हेलकावतो, म्हणून जाणती परिचारिका तो सावकाश घेते. लंगोट बदलताना पाय उंच उचलल्यास रक्त डोक्याकडे लोटले जाते, म्हणून ती बाळाला हळूच कुशीवर करते, आणि पहिले तीन दिवस मान मधोमध ठेवते. सलाईन भरभर सोडणे टाळतात. श्वासयंत्रावर विशेष लक्ष लागते, कारण रक्तातील कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या वाहिन्या आवळतात आणि फार चढला तर त्या फुगतात.

त्याहूनही मोठे संरक्षण बाळ पोटात असतानाच मिळते, आणि येथेच मढसारख्या गावाचा प्रश्न येतो. मढ मुंबईत असले तरी खाडीपलीकडच्या वर्सोव्याची फेरीबोट रात्रभर चालत नाही, आणि मग उरतो तो एरंगळ, आक्सामार्गे मालाडकडे जाणारा लांबचा रस्ता. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेले, तर ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्यात सर्वांत मोलाचे तास जातात. गर्भवतीला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे पिकतात हे लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली न्यूझीलंडमध्ये दाखवले, आणि त्याच इंजेक्शनाने मेंदूतील रक्तस्रावही कमी होतो; भारतात २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान डेक्सामेथासोनच्या १२ तासांच्या अंतराने चार मात्रा देतात, आणि त्यांचा गुण येण्यास वेळ लागतो. जन्मलेले नाजूक बाळ रस्त्याने धक्के खात नेण्यापेक्षा त्याला आईच्या पोटातच एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात पोहोचवणे कितीतरी सुरक्षित असते.

म्हणून मढच्या घरांनी, आणि ज्यांचे रुग्णालय दूर आहे अशा सर्वांनीच, पाचव्या-सहाव्या महिन्यातच आशाताईंकडून किंवा डॉक्टरांकडून एनआयसीयू कोणत्या रुग्णालयात आहे हे विचारून ठेवावे, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक घरातल्या सर्वांना ठाऊक असावा, आणि दवाखान्यात पोहोचताच स्टिरॉइडची पहिली मात्रा केव्हा देणार हे निःसंकोच विचारावे. बाळ झाल्यावर पहिल्या आठवड्यात मेंदूची सोनोग्राफी झाली का, महिन्याभराने पुन्हा केव्हा करायची, हे सुटीच्या कार्डावर लिहून घ्यावे. कारण मेंदूच्या पांढऱ्या भागातील इजेच्या पोकळ्या काही आठवड्यांनंतरच दिसू लागतात, आणि पहिली तपासणी निर्दोष असली तरी दुसरी चुकवू नये.