रांग लांब, जीपीयू मोकळे

विद्यापीठाचा सामायिक क्लस्टर सांभाळणाऱ्याला सोमवारची तक्रार पाठ असते. जॉब रांगेत अडकलेत, आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवून पाहावं तर निम्मी कार्डं शून्य टक्क्यांवर. रांग चालवणारा स्लर्म मात्र सगळे जीपीयू वाटून झाल्याचं सांगतो. माझ्या पाहण्यातल्या अशा भांडणांत दोन्ही बाजू खऱ्याच निघाल्या.

स्लर्म नग मोजतो, वापर नाही. शुक्रवारी कुणी ज्युपिटर नोटबुक उघडं टाकून घरी गेला की एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखं ते कार्ड सोमवारपर्यंत अडतं. कुबरनेटीसमध्ये 2017 साली डिव्हाइस प्लगइन आले, तिथेही हिशेब पूर्णांकातच. अर्धा जीपीयू मागायची सोय नाही. नोटबुकांसाठी वेगळं पार्टिशन करावं, मुदत काही तासांची ठेवावी आणि माणशी एकच कार्ड द्यावं. आरडाओरड होते, पण आठवडाभरच.

याहून छुपा घोळ कोअरचा. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ ज्या डीजीएक्स ए100 यंत्रांवर उभा आहे, तशा एका यंत्रात आठ जीपीयू आणि 128 कोअर असतात. एखाद्याने एक जीपीयू मागताना ‘असू द्यावेत’ म्हणून सगळे कोअरही मागितले, की उरलेले सात जीपीयू कुणालाच देता येत नाहीत. स्लर्ममध्ये ‘डेफसीपीयूपरजीपीयू’ लावता येतं, पण ते कोअरचा आकडा न देणाऱ्यांपुरतं. हावऱ्याला अडवायला जॉब-सबमिट स्क्रिप्ट लिहावी.

आणि दुसऱ्याच्या कार्डाला हात लागू नये म्हणून कुलूप? जॉबला कोणती कार्डं दिसावीत हे सांगणारं ‘कुडा व्हिजिबल डिव्हाइसेस’ हे नुसतं व्हेरिएबल आहे, कुणीही बदलू शकतं. त्यात टेन्सरफ्लो आपणहून दिसेल त्या प्रत्येक कार्डाची जवळजवळ सगळी मेमरी बळकावतं. मग शेजाऱ्याचा रात्रभर चाललेला जॉब मेमरीअभावी मरतो आणि शिव्या अ‍ॅडमिनला. स्लर्मच्या सीग्रुप फाइलीत ‘कन्स्ट्रेनडिव्हाइसेस’ येस केल्याशिवाय क्लस्टर लोकांना उघडूच नये.

कार्डाचे तुकडे करायचे तर टाइम-स्लायसिंगवर भिस्त ठेवू नये, त्यात मेमरी वेगळी होत नाही. 2020 च्या ए100 पासून आलेल्या ‘मिग’मध्ये एका कार्डाचे सातपर्यंत भाग होतात, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र. वर्गातल्या प्रात्यक्षिकांना हे उत्तम. मोठ्या ट्रेनिंगला निरुपयोगी, कारण एका प्रोसेसला एकच भाग वापरता येतो.

कोणता जॉब तुकड्यावर हलवायचा, हे ठरवताना टक्केवारी फसवते. ‘जीपीयू-युटिल’ 100 दिसलं तरी अर्थ एवढाच, की नमुन्याच्या त्या क्षणभरात कुठलं ना कुठलं कर्नल सतत चालू होतं. चिपचा कोपराच राबत असेल तरीही. शेजारचा वॉटचा आणि मेमरीचा आकडा वाचावा. 400 वॉटचं ए100 कार्ड 100 टक्के दाखवूनही वीज जेमतेम ओढत असेल आणि मेमरी थोडीच भरली असेल, तर तो जॉब बहुधा सातव्या हिश्श्यातही मावतो.