चार खेळांची पोर

बोरगाव (सौंसर)

चि. भाचीस,

यंदाही संघाच्या यादीत तुझं नाव नाही, आणि घरीदारी सगळे तुलाच बोल लावताहेत: कबड्डी, खो-खो, लांब उडी, भाला, एक ना धड भाराभर चिंध्या! मला हे पटत नाही. कबड्डीवाले चढाया मोजतात, मैदानी स्पर्धेत मीटर आणि सेकंद मोजतात. एका वहीतली तुझी मेहनत दुसरीत चढत नाही. चारही खेळांत तू दुसरी-तिसरी असतेस, पण ती बेरीज मांडायला कोणी बसत नाही. तू मागे राहतेस ती इथे.

म्हणे, एकच खेळ धरला असता तर नाव झालं असतं. खाशाबा जाधव धावणं, पोहणं, वजन उचलणं सगळं करून कुस्तीत स्थिरावले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं, तरी अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. एक खेळ धरूनही उपेक्षा टळली नाही. दुसरीकडे मुरलीकांत पेटकर. लष्करातला बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला. त्यांनी टेबल टेनिस धरलं, मग पोहणं, आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण दिलं. खेळ बदलत गेले म्हणूनच हा माणूस उभा राहिला. पद्मश्री मात्र २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी! दोघांच्याही खेळात खोट नव्हती. नोंद घेणाऱ्यांची नजर तोकडी होती.

तरी एक आक्षेप खरा आहे. चार सराव एकाच शरीराला झेपत नाहीत, गुडघे बोलू लागतात, आणि पुढेमागे एक वाट धरावीच लागते. पण ती अशी धर, की जिथे तुझी बेरीज मोजली जाईल. हेप्टॅथलॉन बघ: दोन दिवस, सात स्पर्धा. पहिल्या दिवशी १०० मीटर हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला, ८०० मीटर. सगळ्याचे गुण एकत्र. स्वप्ना बर्मननं २०१८ च्या एशियाडमध्ये ६०२६ गुणांवर सुवर्ण मिळवलं. तुझी उडी आणि भाला त्यात आहेतच, खो-खोनं पायात आणलेली चपळाईही वाया जायची नाही. कबड्डी मात्र या हंगामापुरती सोड; वाईट वाटेल, माहीत आहे.

आणि वही तूच घाल. तारीख, मैदान, अंतर, वेळ, शेजारी सरांची सही. प्रमाणपत्रं एका फायलीत. नोकरीच्या खेळाडू कोट्यात कागदच बोलतो. हर्डल्सला आपल्याकडे सोय नसली तर थांबू नकोस, चार किलोच्या गोळ्यापासून सुरुवात कर. त्याला अंगणही पुरतं.

तुझा,
मामा