म्हाइंभटांची पोथी

बार्शीटाकळीच्या देवीच्या देवळात दगडावर कोरलेला एक लेख आहे. तो शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा. लेख संस्कृतात आहे. गावातल्या किती लोकांना तो कळत असेल?

पुढे शंभर वर्षांनी आपल्याच वऱ्हाडात एक मोठी पोथी लिहिली गेली. ती मात्र मराठीत. लिहिणाऱ्यांचे नाव म्हाइंभट. त्यांची हकीकत आम्ही सांगतो.

म्हाइंभट सराळे गावचे. घर पैशाचे. शास्त्रे शिकलेली. विद्येचा गर्वही तेवढाच मोठा. चक्रधर स्वामींचे नाव कानी आले, तेव्हा ते गोदावरीकाठी डोमेग्रामला त्यांच्याशी वाद घालायला गेले. आणि हरले! चक्रधर स्वामी मूळचे गुजरातचे, प्रधानाच्या घरचे, असे सांगतात. पण ते सर्वांशी मराठीत बोलत. बाया असोत की कोणत्याही जातीचे लोक असोत, त्यांना ते आपल्या पंथात घेत. हाच महानुभाव पंथ.

पुढे म्हाइंभटांनी घरदार सोडले. ते रिद्धपूरला येऊन राहिले. इसवी सन १२७४ च्या सुमारास स्वामी निघून गेले होते. त्यांच्या आठवणी लोकांच्या तोंडी होत्या. पण माणसं म्हातारी होतात, मरतात. मग आठवणी कुठे राहणार?

म्हाइंभट उठले आणि चालू लागले. ज्याने स्वामींना पाहिले, त्याच्या दारी जायचे. तुम्ही काय पाहिले, काय ऐकले, ते विचारायचे. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, सगळे टिपायचे. मग पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्याकडून ते पारखून घ्यायचे. दोघांनी एकच गोष्ट वेगळी सांगितली, तर ती वेगळी आठवणही पोथीत सापडते. वादात आपण कसे हरलो, तेही त्यांनी गाळले नाही. आम्हाला हे फार मोठे वाटते.

पंथातल्या काही पंडितांना संस्कृतात लिहायचे होते. नागदेवाचार्य म्हणाले, नको. आमच्या म्हाताऱ्या बायांना संस्कृत येत नाही, त्यांच्या हाती मग काय लागेल?

ही पोथी म्हणजे 'लीळाचरित्र'. लीळा म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला प्रसंग. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ मानतात.

पुढे दिल्लीच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. पण शिष्यांना लीळा तोंडपाठ होत्या. त्यांनी त्या पुन्हा लिहिल्या. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या नावाचा पाठ आजही ओळखला जातो. नंतर कित्येक शतके पंथाच्या पोथ्या गुप्त लिपीत, मठांमध्ये बंद राहिल्या. १९३६ पासून नागपूरच्या हरि नारायण नेने यांनी लीळाचरित्र छापायला घेतले.

रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. तिथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे.