विहिरीतील पाणी : परस, घनफूट व गॅलनचे लिटर कसे करावेत?

रब्बीच्या पेरणीपूर्वी विहिरीतील पाण्याचा हिशेब करणे आवश्यक असते. आपल्याकडे विहिरीचे पाणी परसात किंवा फुटांत, जुन्या पंपाचा प्रवाह गॅलनमध्ये, तर ठिबक संचाचा हिशेब लिटरमध्ये सांगतात. देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली, तरी जुनी मापे बोलण्यात टिकून आहेत. मापांची सरमिसळ झाली की क्षेत्राचा अंदाज चुकतो आणि गहू ऐन दाणे भरताना पाण्यावाचून राहतो.

लक्षात ठेवावयाची मापे

१ घनफूट = २८.३२ लिटर
१ घनमीटर = १,००० लिटर
१ ब्रिटिश गॅलन = ४.५४६ लिटर
१ अमेरिकन गॅलन = ३.७८५ लिटर

गॅलन कोणता, हे आधी पाहावे. ताशी ५,००० गॅलन म्हणजे ब्रिटिश मापाने २२,७३० लिटर, तर अमेरिकन मापाने १८,९२५ लिटर होतात. परस म्हणजे पुरुषभर उंची. ती माणसागणिक बदलते, म्हणून दोरीला दगड बांधून पाण्याची खोली फुटांतच मोजावी.

गोल विहिरीसाठी सूत्र

व्यास (फूट) × व्यास (फूट) × पाण्याची खोली (फूट) × २२.२४ = लिटर

उदा. व्यास २० फूट व पाणी १० फूट असल्यास : २० × २० × १० × २२.२४ = ८८,९६० लिटर.

एका गुंठ्यास ५ सें.मी. खोलीचे पाणी देण्यास सुमारे ५,०६० लिटर लागतात. म्हणजेच काठोकाठ वाटणारे हे पाणी एका पाळीत केवळ साडेसतरा गुंठ्यांना पुरते.

पंपाचा प्रवाह

२०० लिटरचे पिंप भरण्यास लागणारे सेकंद मोजावेत. ४० सेकंद लागल्यास प्रवाह सेकंदास ५ लिटर, म्हणजे ताशी १८,००० लिटर होतो. झऱ्याची आवक सोडल्यास वरील विहीर सुमारे पाच तासांत उपसते.

खरा आधार आवकेचा

पंप बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाणी किती फूट चढते ते पाहावे. वरील विहिरीत २ फूट चढल्यास रोजची आवक १७,७९२ लिटर, म्हणजे साडेतीन गुंठ्यांचे पाणी होते. २० दिवसांच्या पाळीत हे ७० गुंठे भरतात. पाटातील गळती वजा करून क्षेत्र त्याहून कमीच धरावे. उन्हाळ्याकडे आवक घटते, म्हणून दर पाळीपूर्वी मोजणी पुन्हा करावी व त्यानुसारच पुढील पाण्याचे नियोजन करावे.