दारापुढचा रस्ता कोणाचा?

(शेजारधर्मावरील अभ्यासपाठ)



आपल्या वणी परिसरात घरोघर दुचाकी आली, पुष्कळांच्या दारात चारचाकी आली, द्राक्षबागायतदारांकडे ट्रॅक्टर आणि पिकअप आल्या. गल्ल्या मात्र बैलगाडी आणि सायकलच्या काळात होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. बाजाराच्या दिवशी त्यात गर्दीची भर पडते. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंग गडाकडे जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या येतात, तेव्हा पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मग गाडी कुठे लावायची यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलाचाली होते. घरभेटीच्या वेळी आमच्या कानी येणाऱ्या तक्रारींत ही तक्रार अलीकडे वरचेवर असते. एक म्हणतो, "फादर, ते रोज आमच्या फाटकासमोर गाडी लावतात." दुसरा म्हणतो, "रस्ता काय त्यांनी विकत घेतलाय?"

दोघेही अर्धे खरे बोलत असतात, म्हणून तंटा मिटत नाही. खरे अर्धे कोणते आणि खोटे अर्धे कोणते, हे आजच्या पाठात पाहू.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील मोहाली येथे दुचाकी लावण्यावरून शेजाऱ्यांत धक्काबुक्की झाली आणि त्यानंतर एका माणसाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भोगल भागात घराच्या दारासमोर उभ्या केलेल्या स्कूटरवरून भांडण झाले आणि त्यात एकाचा खून झाला. आपल्याकडे गोष्ट इतक्या थराला जाणार नाही, असे आपण म्हणतो. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांचे बोलणे बंद होते, मुलांना एकमेकांकडे जाऊ देत नाहीत, आणि गाडीचे भांडण बघता बघता जातीचे किंवा धर्माचे भांडण होते. लहान गावात हे नुकसान भरून यायला वर्षे लागतात.

१. ये-जा करण्याचा हक्क आणि गाडी लावण्याची सोय

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक सवय लावली जाते. वाद घालण्याआधी शब्दांचे अर्थ वेगळे करून घ्यायचे. इथेही तेच करावे लागेल. आपल्या घरातून रस्त्यावर येणे आणि रस्त्यावरून घरात जाणे हा हक्क आहे. घरासमोरच्या रस्त्यावर गाडी उभी करता येणे ही सोय आहे. भांडणात या दोन गोष्टींची सरमिसळ होते.

ज्याचे घर सार्वजनिक रस्त्याला लागून आहे, त्याला त्या रस्त्यावर ये-जा करता आलीच पाहिजे. म्हणून दुसऱ्याच्या फाटकाच्या तोंडाशी गाडी लावणे चूकच आहे, मग ती पाच मिनिटांसाठी का असेना. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत कोणत्याही आवाराचे प्रवेशद्वार अडेल अशी गाडी लावण्यास मनाई होती, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही ती आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेत हाच दंड २०० रुपये होता.

आता दुसरी बाजू. फाटक आपले, पण फाटकापुढचा रस्ता आपला नाही. पुष्कळ जण घरासमोर दगड मांडतात, कुंड्या ठेवतात, साखळी बांधतात, किंवा 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी स्वतःच रंगवून लावतात. फाटकाएवढी जागा मोकळी ठेवा म्हणणे योग्य आहे. परंतु घराच्या लांबीइतका रस्ता आपल्यासाठी राखून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीत सार्वजनिक रस्त्यावरील असे अडथळे आणि अतिक्रमणे दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. "आम्ही वीस वर्षे इथेच गाडी लावतो," हे सांगणेही उपयोगाचे नाही. सार्वजनिक रस्ता कितीही वर्षे अडवला तरी तो अडवण्याचा हक्क मिळत नाही.

हिशेब करून पाहा. गल्ली दहा फूट, म्हणजे साधारण ३ मीटर रुंद आहे. लहान मोटार सुमारे १.७ मीटर रुंद असते. ती एका कडेला लावली की उरते १.३ मीटर. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुमारे २ मीटर रुंद असते. त्या गल्लीच्या टोकाला एखादी म्हातारी छातीत कळ येऊन तळमळत असेल, तर तिला खाटेवर घालून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागेल. अशा गल्लीत कोणाच्याही दारासमोर मोटार लावणे योग्य नाही, आपल्या स्वतःच्या दारासमोरही नाही.

२. शेतरस्त्याचे जुने भांडण

गाड्या नव्या असल्या तरी भांडण नवे नाही. आपल्या दिंडोरी तालुक्यात बांधावरून आणि शेतरस्त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. द्राक्षे काढणीला आलेली असताना शेजाऱ्याने वाटेत काट्या टाकल्या, तर माल बागेतच राहतो. म्हणून १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यात सोय केलेली आहे. वहिवाटीचा शेतरस्ता कोणी अडवला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावता येतो. ते जागेची पाहणी करून, दोघांचे ऐकून, अडथळा काढायला लावू शकतात. ज्याच्या शेताला वाटच नाही, त्याला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते.

घरांच्या सामायिक बोळांना आणि वाटांना १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा लागू पडतो. खाजगी जागेतून कोणी वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून ये-जा केली असेल, तर त्याला त्या वाटेचा हक्क मिळतो.

या वीस वर्षांच्या नियमाने लोकांच्या मनात एक भीती घातली आहे. "आज मी त्यांना माझ्या अंगणातून गाडी काढू दिली तर उद्या ते हक्क सांगतील." या भीतीपोटी चांगली माणसेही शेजाऱ्याला नाही म्हणतात. खरे तर कायदा इथे उदार माणसाच्या बाजूने आहे. परवानगी घेऊन केलेली वहिवाट ही हक्काची वहिवाट नव्हे, आणि परवानगीने कितीही वर्षे वापर झाला तरी त्यातून हक्क उभा राहत नाही. धोका गप्प बसण्यात आहे. परवानगी स्पष्ट शब्दांत द्यावी, साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे मनात किंतू राहत नाही. शेजाऱ्याच्या नातेवाइकांची गाडी लग्नकार्यात दोन दिवस आपल्या अंगणात उभी राहिली तर आपली जमीन जात नाही.

३. सोसायटीच्या आवारात

आपल्या धर्मग्रामातील कित्येकांची मुले नोकरीसाठी नाशिक, पुणे, मुंबईला फ्लॅटमध्ये राहतात. तिथे हाच वाद पार्किंगच्या चौकोनावरून होतो. मुंबईत दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. इमारतीखालच्या खांबांमधील पार्किंगच्या २५ जागा आपल्या मालकीच्या आहेत, असे बिल्डरचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निकाल दिला की ही जागा सामायिक आहे, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही.

मग जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर काय करावे? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर आहे. दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला यंदा जागा मिळाली त्याला पुढच्या वर्षी ती मिळेलच असे नाही. सामायिक वस्तू वाटण्याची ही रीत आपल्या गल्लीतही चालू शकते.

जपानने प्रश्नाच्या मुळाशी हात घातला. तिथे १९६२ च्या कायद्याप्रमाणे मोटार घेणाऱ्याला ती ठेवायला जागा असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०२५ साली आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही असे धोरण आणण्याविषयी बोलून दाखवले. पण कायद्याची वाट न पाहता हा प्रश्न आपण स्वतःला विचारू शकतो. मोटारीसाठी कर्ज काढताना हप्त्याचा विचार आपण करतो. ती रात्री कुठे उभी राहणार, याचाही विचार त्याच वेळी केला पाहिजे.

४. पवित्र शास्त्राचा प्रकाश

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात असाच एक तंटा आहे. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरेढोरे इतकी वाढली की एका ठिकाणी दोघांना जागा पुरेना, आणि त्यांच्या गुराख्यांत भांडणे सुरू झाली. ध्यानात घ्या, हा तंटा गरिबीतून आला नव्हता, भरभराटीतून आला होता. आपलेही तसेच आहे. दाराशी सायकल होती तेव्हा हे वाद नव्हते.

अब्राम वडीलधारा होता. आधी निवड करण्याचा मान त्याचा होता. तो त्याने लोटाला दिला. लोटाने यार्देनेचे हिरवे खोरे घेतले. अब्रामाने कटकट केली नाही आणि त्याचे काही कमीही झाले नाही. वयाने, पैशाने किंवा मनुष्यबळाने जो मोठा आहे त्याने आधी मागे सरावे, हा धडा आपण त्यातून घ्यावा. दुबळ्याने मोठ्यापुढे मान तुकवावी, असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या विधवेच्या किंवा भाडेकरूच्या दारात रोज गाडी लावली जात असेल, तर "जाऊ द्या, सोसा" असे तिला सांगणे हा ख्रिस्ती उपदेश नव्हे. गाडी लावणाऱ्याला जाऊन भेटणे हे आपले काम आहे.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी लिहिताना एक विवेक सांगितला. वस्तू आपल्या ताब्यात असावी, तिची नीट काळजी घेण्यासाठी ते आवश्यक आहे. मात्र ती वापरताना गरजवंताला देण्याची तयारी हवी. जून २००७ मध्ये रोममधून स्थलांतरित व प्रवासी यांच्यासाठीच्या परिषदेने रस्त्यावरील वर्तनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. मोटार हे सत्ता आणि वर्चस्व दाखवण्याचे साधन होऊ नये, असे त्यांतील एक सांगते. मुद्दाम आडवी लावलेली गाडी पाहिली की या आज्ञेचा अर्थ कळतो.

५. तंटा झालाच तर

मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने पायऱ्या दाखवल्या आहेत. आधी दोघांनीच एकांतात बोलावे, मग एक-दोन साक्षीदार घ्यावेत, मग मंडळीपुढे जावे. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आधी गल्लीभर आरडाओरडा, मग पोलीस ठाणे, आणि समोरासमोर बोलणे कधीच नाही.

पहिली पायरी अशी. राग ओसरल्यावर, हातात किल्ली न घेता, शेजाऱ्याच्या घरी जावे. "तुम्ही नेहमीच असे करता" न म्हणता "सकाळी सहाला दूध घेऊन निघावे लागते, तेवढी वाट मोकळी हवी" असे सांगावे. वेळ आणि जागा ठरवून घ्यावी. एकमेकांचा फोन नंबर घ्यावा. टायरमधली हवा काढणे, काच फोडणे, रंगावर ओरखडा काढणे असले काही करू नये. त्याने आपली खरी बाजूही खोटी पडते.

दुसरी पायरी म्हणजे गल्लीतील दोन जाणती माणसे. तिसरी पायरी गावाची. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्याजोगे फौजदारी तंटे गावातच मिटवावेत, ही त्यामागची कल्पना. गाडीचा आणि वाटेचा तंटा हा अशा समितीपुढे न्यायचाच तंटा आहे. तेथे झालेली तडजोड लिहून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही तर पंचायत, तहसीलदार, पोलीस आणि न्यायालय आहेतच. त्यांच्याकडे जाणे पाप नव्हे. मारहाणीची भीती असेल तर पायऱ्या मोजत बसू नये, सरळ ११२ ला फोन करावा.

शेवटी आपल्या चर्चविषयी. रविवारच्या मिस्सेला आणि विशेषतः नाताळच्या रात्री पुष्कळ गाड्या येतात. चर्चच्या आसपास राहणारी घरे बहुतांशी इतर धर्मीयांची असतात. आपली प्रार्थना त्यांना ऐकू येवो न येवो, आपली गाडी त्यांना नक्की दिसते. त्यांचे फाटक मोकळे ठेवावे, तरुणांनी पाळीपाळीने उभे राहून गाड्या लावून घ्याव्यात, आणि जवळ राहणाऱ्यांनी पायी यावे.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या गल्लीची रुंदी किती? गाड्या लावल्यावर रुग्णवाहिका शेवटच्या घरापर्यंत जाते का? या आठवड्यात मोजून पाहा.

२. आपल्या घरापुढे दगड, कुंडी किंवा साखळी आहे का? ती फाटक मोकळे ठेवते की रस्ता राखून ठेवते?

३. आपल्या गल्लीत असा कोणी आहे का, ज्याची वाट अडते पण जो बोलू शकत नाही? त्याच्या वतीने कोण बोलेल?

४. शेजाऱ्याला आपण कोणती वाट किंवा जागा परवानगीने देऊ शकतो?