व्यायामाचा हिशेब आठवड्याचा असावा

व्यायामाचे महत्त्व आज कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न असतो तो वेळेचा. आपल्या बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांत खेड्यापाड्यांतून एस. टी. ने येणारे विद्यार्थी पुष्कळ. ज्यांचे आई-वडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्यावर तर गुरे, पाणी आणि धाकटी भावंडे यांचाही भार असतो. अशांना ‘रोज पहाटे तासभर तालीम करा’ असे सांगणे हा केवळ उपदेश ठरतो. तो संकल्प चार दिवस टिकतो. पाचव्या दिवशी खंड पडला, की सारेच सुटते.

म्हणून हिशेब दिवसाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी हेच माप सांगितले आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. एका वेळी सलग दहा मिनिटे झालीच पाहिजेत, ही पूर्वीची अटही आता राहिलेली नाही. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे : बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

आता बेरीज करून पाहू. बसस्थानक ते महाविद्यालय हे अंतर झपाझप चालीने दहा मिनिटांचे असेल, तर जाऊन-येऊन वीस मिनिटे होतात; सहा दिवसांची १२०. रविवारी सकाळी अर्धा तास फिरले, की १५० भरली. मंगळवारी व शुक्रवारी पंधरा-पंधरा मिनिटे सूर्यनमस्कार, जोर आणि बैठका काढाव्यात. त्याला सतरंजीपुरती जागा पुरते. त्यामुळे ज्या भगिनींना मैदानावर जाणे जमत नाही, त्यांचीही अडचण उरत नाही. घागरी वाहणे, शेतातली कामे हीदेखील हालचालच होय, तीही हिशेबात धरावी. मात्र कामाने ज्याचे अंग मोडून आले आहे, त्याला त्या दिवशी विश्रांतीच हवी.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे लहानपणी वाहनाअभावी सुमारे सहा किलोमीटर पायी वा धावत शाळेला जात. पुढे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. प्रत्येकाला पदक मिळणार नाही हे खरे. पण रोजची वाट वाया जात नाही, एवढे यावरून दिसते.

तेव्हा विद्यार्थी बंधुभगिनींनो, वहीच्या शेवटच्या पानावर सात रकाने आखा आणि मिनिटे लिहीत जा. परीक्षेच्या दिवसांत एखादा रकाना रिकामा राहील. राहू द्या, तो भरून काढायला पुढचे दिवस असतात.